दुपारी बदलणारी तारीख

एकच नोंदवही एकाच सकाळी दोघांनी मागितली, आणि दफ्तरखान्याच्या नियमाप्रमाणे ती पहिल्या चिठ्ठीला मिळाली. पहिली चिठ्ठी तिची नव्हती.

जिने आयुष्याची बारा वर्षे जुन्या कागदांत घालवली, तिला हा पराभव सहजी पचणारा नव्हता. घरी तिला ‘तळटीप’ म्हणत. थोरल्या बहिणीने ते नाव ठेवले होते, कारण जेवायला बसल्यावरही ती प्रत्येक विधानाखाली खुलासा जोडत असे. किनाऱ्यासमोरच्या बेटावरील दीपगृहाला दीडशे वर्षे पूर्ण होत होती आणि दीपगृह खात्याने त्याचा इतिहास लिहिण्याचे काम तिच्याकडे सोपवले होते. त्या इतिहासातल्या सर्वांत महत्त्वाच्या वर्षाची नोंदवही मात्र समोरच्या टेबलावर एक उंच, उन्हाने रापलेला माणूस वाचत बसला होता. वाचत तरी कसा – ओठांच्या कोपऱ्यात हसू ठेवून, जणू कुणाचे पत्र आले आहे.

तिने तासभर वाट पाहिली. मग उठून त्याच्यापुढे उभी राहिली आणि उतारे चोरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेल्या आवाजात म्हणाली, “तुमचं झालं असेल तर –”

“झालं नाही,” तो म्हणाला. “पण खुर्ची रिकामी आहे. वही दोघांना पुरेल एवढी रुंद आहे.”

“मी कुणाच्या खांद्यावरून वाचत नाही.”

“मग मी तुमच्या खांद्यावरून वाचतो. मला चालेल.”

ती बसली. रागाने बसली, पण बसली. त्याच्या हातांना पितळ घासायच्या पुडीचा वास होता, आणि वहीला हात लावण्याआधी त्याने ते दोनदा धुतले असावेत, कारण मनगटावर अजून ओल होती. तो त्याच दीपगृहाचा दीपपाल निघाला – शेवटचा. समारंभ झाला की दिवा आपोआप लागणार होता आणि याची बदली किनाऱ्यावरच्या सामानाच्या कोठारात होणार होती. हे सगळे त्याने तक्रारीचा सूर न लावता सांगितले. मग कागदाला स्पर्श न करता, बोट अधांतरी धरून, त्याने एक ओळ दाखवली.

वारा नैऋत्येचा. समुद्र वाईट. दिवा चांगला.

“बघा,” तो हळूच म्हणाला. “आमच्या बाई.”

तिने ओळ वाचली. चांगली होती. सहा शब्दांत अख्खी रात्र बसवली होती, आणि तिच्या स्वतःच्या चारशे पानी प्रबंधात असे एकही वाक्य नव्हते. मत्सराची पहिली कळ तिला तेव्हाच आली. ॲसिडिटी समजून तिने ती बाजूला ठेवली.

बाईंची कथा त्याने बाहेरच्या व्हरांड्यात, चहाच्या दोन कपांत सांगितली. दिव्याला तीस वर्षे झाली होती तेव्हाची गोष्ट. मोठे वादळ आले, त्या वेळचा दीपपाल तापाने बेशुद्ध पडला आणि भिंग फिरवणाऱ्या यंत्राची साखळी तुटली. प्रत्येक दिव्याची फिरण्याची आपली गती असते. ती थांबली, तर खलाशी या दिव्याला दुसराच कुठला तरी दिवा समजतात आणि थेट खडकावर येतात. त्या रात्री दीपपालाच्या बायकोने ते माणसाहून उंच भिंग पहाटेपर्यंत हाताने फिरवले, आणि नोंदही तिनेच लिहिली. खात्याने शाबासकी नवऱ्याला दिली. तिचे नावसुद्धा कुणी लिहून ठेवले नाही. दीपगृहाच्या दारावर तिच्या स्मरणार्थ एक पाटी लागावी म्हणून हा सात वर्षे अर्ज करत होता, आणि खात्याने नुकतेच उत्तर दिले होते की नव्या इतिहासात हे सिद्ध झाले तर पाटी लावू.

“म्हणजे आता सगळं तुमच्या हातात आहे,” तो म्हणाला.

“माझ्या हातात काही नसतं. पुराव्याच्या हातात असतं.”

“तुमचे हात बघून तसं वाटत नाही...” तो म्हणाला, आणि मग चहा फार गरम असल्यासारखा कपात पाहत राहिला.

त्यानंतर तो दर आठवड्याला येऊ लागला. ती समोर बसे. कधी तो एखाद्या झिजलेल्या अक्षरावर अडे आणि ती न विचारता ते वाचून दाखवी. कधी ती समुद्राच्या एखाद्या शब्दावर अडे आणि तो न हसता अर्थ सांगे. तिने ताईला फोनवर त्याच्याविषयी इतक्या अलिप्तपणे सांगितले, की ताईने लगेच विचारले, दिसायला कसा आहे. ती म्हणाली, तिने पाहिले नाही. खोटे होते. त्याच्या डाव्या भुवईत एक भाजल्याची खूण आहे, हसताना ती दुमडते, आणि तो दिवसातून सरासरी चौदा वेळा हसतो, एवढे तिला माहीत होते. त्यांतल्या नऊ वेळा तो त्या वहीकडे बघून हसतो, हेही.

दुखत होते ते इथेच. जिवंत प्रतिस्पर्धी परवडते. तिला सर्दी होते, ती कधीतरी मूर्खासारखे बोलते, तिच्या लिखाणात चुका सापडतात. मेलेल्या बाईला मात्र काहीच होत नाही. ती शंभराहून अधिक वर्षे त्याच टपोऱ्या अक्षरात, त्याच निश्चल शहाणपणाने बसून राहते, आणि पुरुष तिच्याकडे बघून हसतात. इथे हिला वाईट वाटून घेण्याचीही सोय नव्हती. तक्रार करायची तर कुणाकडे, आणि कोणत्या तोंडाने?

भिंग प्रत्यक्ष पाहण्यासाठी ती बेटावर गेली. होडीवाल्या काकांनी वाटेत तिला दोनदा विचारले की ती खरेच दगडविटा बघायला चालली आहे का, आणि दोन्ही वेळा तिने दीपगृहाच्या बांधकामाचे वर्ष सांगितले. काकांनी मान डोलावली. त्यांचे समाधान झालेले दिसले नाही.

एकशे ऐंशी पायऱ्या चढून वर गेल्यावर ती भिंगासमोर थांबली. काचेच्या शेकडो कडांनी समुद्राचे तुकडे केले होते. एका तुकड्यात लाट होती, दुसऱ्यात उलटी होडी, तिसऱ्यात तो. त्याने खाली बसवलेली लोखंडी मूठ दाखवली.

“धरा. एका मिनिटात एक फेरा. घाई नाही, उशीर नाही.”

तिने मूठ फिरवली. ते अवाढव्य भिंग झोपेत कूस बदलावी तसे हलले. चौथ्या मिनिटाला तिचा खांदा दुखू लागला, सहाव्याला गती चुकली. तेव्हा मागून त्याचा हात आला आणि तिच्या हातावर स्थिरावला. उबदार, खरखरीत हात. दोन हातांनी एक मूठ फिरू लागली. काचेतून फुटलेले रंग त्याच्या बाहीवरून तिच्या बाहीवर जात होते, परत येत होते. वाऱ्याने जाड काच हलकेच थरथरत होती... तिला वाटले, आता तो काहीतरी बोलेल. तो बोललाही.

“बाईंनी हे साडेनऊ तास केलं,” तो म्हणाला.

तिने मूठ सोडली. माझ्या हातावर हात असतानाही तुम्हाला तीच आठवते का, हे वाक्य तिच्या जिभेवर पूर्ण तयार होते. ती म्हणाली, “साडेनऊ तासांना पुरावा काय?”

पुरावा तिला दहा दिवसांनी सापडला, पण उलट बाजूचा. किनाऱ्यावरच्या धक्क्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांची एक नोंद ठेवली जाई. त्यात वादळाच्या महिन्यातल्या बारा तारखेखाली दोन ओळी होत्या. सकाळी सहा: दीपगृहाचा मदतनीस रजेवरून परत, बेटाकडे रवाना. सकाळी दहा: दीपपाल, तापाने बेशुद्ध, पत्नीसह धक्क्यावर उतरला. आणि दीपगृहाची वही म्हणत होती: तारीख बारा, रात्री आठ, साखळी तुटली, भिंग हाताने फिरवणे सुरू.

म्हणजे साखळी तुटण्याच्या दहा तास आधीच बाई किनाऱ्यावर पोचल्या होत्या. बेटावर होता तो मदतनीस. भिंग त्याने फिरवले आणि ओळही त्याचीच.

पुरावा सापडल्याचा आनंद वेगळा असतो आणि प्रतिस्पर्धी आडवा झाल्याचा वेगळा. बारा वर्षांत तिने दोन्ही चाखले होते, त्यामुळे या वेळी कोणता झाला हे तिला नेमके कळले. तरीही मनाशी तिने तो पहिल्या प्रकारात जमा केला. ऐन वादळात ती होडी बेटावर गेली आणि परत आली कशी, हा साधा प्रश्न पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पडला असता. तिला पडला नाही. तिने एका बैठकीत प्रकरण लिहून काढले, त्याला ‘एका दंतकथेची तपासणी’ असे नाव दिले, आणि त्याची एक प्रत त्याच्यापुढे ठेवली.

त्याने ते सावकाश वाचले. हसला नाही.

“‘भावुक स्थानिकांनी जोपासलेली कथा’... हे माझ्याबद्दल आहे?”

“मी व्यक्तींबद्दल लिहीत नाही. प्रवृत्तींबद्दल लिहिते.”

“असं. मग तुमच्या या प्रवृत्तीनं चहा पाजलेला चालेल का? शेवटचा.”

चहा होईपर्यंत तो एवढेच म्हणाला, की धक्क्यावरची नोंद त्याने कधी पाहिली नव्हती, आणि पुरावाच आहे म्हटल्यावर त्याने काय बोलावे. त्याने वाद घातला असता तर तिला बरे वाटले असते. त्याने वाद घातला नाही. जाताना वही नीट बांधून परत केली, गाठ दोनदा तपासली, आणि मागे न बघता गेला.

पुढच्या आठवड्यात तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. प्रतिस्पर्धी गेली होती आणि ज्याच्यासाठी स्पर्धा होती तोही गेला होता. समोरची रिकामी खुर्ची मात्र रोज वेळेवर हजर असे. शेवटी दफ्तरखान्याच्या कारकुनानेच विषय काढला. म्हणाला, साहेब येईनात हल्ली. ती म्हणाली, त्यांना त्या वहीत आता रस उरला नसेल. कारकुनाने हातातली चिठ्ठी खाली ठेवली.

“वही तर त्यांनी पाच वर्षांमागंच उतरवून घेतली, बाई. पानन् पान. आधी वर्षातून एकदा यायचे, भेटायला आल्यासारखे. तुम्ही आलात आणि दर आठवड्याला चिठ्ठी भरायला लागले. काहीतरी मागितल्याशिवाय आम्ही इथं बसू देत नाही ना.”

ती टेबलाशी परत आली. समोरचे अक्षर बराच वेळ तिला लागेना.

त्याच आठवड्यात तिने आकाशाच्या वेधांवरचे एक निरुपद्रवी प्रकरण लिहायला घेतले. दीपगृहाच्या वहीत एका खग्रास चंद्रग्रहणाची नोंद होती, सायंकाळची, तारीख चोवीस. ग्रहणांच्या छापील कोष्टकात ते ग्रहण तेवीस तारखेचे होते. कोष्टके चुकत नाहीत, म्हणून तिने दुसरे ग्रहण पाहिले. तेही संध्याकाळचे, आणि वहीत तेही एक दिवस पुढे. तिसरे पहाटेचे होते. त्याची तारीख बरोबर जुळली.

तिने पेन्सिल खाली ठेवली.

बेटावरची तारीख मध्यरात्री बदलत नव्हती. दिवा मालवून, काच पुसून, काम संपले की दुपारी बारा वाजता नवा दिवस धरत, जुन्या जहाजांवर धरत तसा. वहीतली बारा तारखेची रात्र म्हणजे जगाची अकरा तारखेची रात्र. त्या रात्री मदतनीस अजून किनाऱ्यावर होता. बेटावर एक बेशुद्ध पुरुष होता आणि एक बाई. तिने पहाटेपर्यंत भिंग फिरवले, वादळ ओसरल्यावर पहिल्या होडीने मदतनीस आला, त्याच्या हाती दिवा सोपवून ती नवऱ्याला घेऊन दहा वाजता धक्क्यावर उतरली. त्याच दोन ओळी. आता त्या उलटे बोलत होत्या, आणि होडी वादळात कशी गेली हा प्रश्नही उरत नव्हता.

हे जगात फक्त तिला माहीत होते. दंतकथेचे प्रकरण केव्हाच छापखान्यात गेले होते. तारखांचा हा घोळ पुन्हा कुणी उकलण्याची शक्यता जवळजवळ शून्य होती. बाई कायमच्या दंतकथा होऊन राहिल्या असत्या.

तिने ताईला फोन केला आणि प्रथमच काहीही न वगळता सगळे सांगितले. ताई आधी पोट धरून हसली. म्हणाली, मेलेल्या सवतीवर जळणारी तू आपल्या घराण्यातली पहिलीच, आणि लग्नाचा पत्ता नसताना सवत करून घेणारीही पहिलीच. मग तिने हसू आवरून विचारले:

“आता काय करणारेस?”

“कुणालाही कळणार नाही, ताई.”

“तुला कळलंय की.”

खात्याच्या अधिकाऱ्याला तिने दुसऱ्या दिवशी गाठले. त्याने समजावले की ती पाने छापून झाली आहेत, एवढ्या नामवंत संशोधिकेने स्वतःची चूक स्वतःच्या पुस्तकात मिरवणे शोभत नाही, आणि पुढच्या आवृत्तीत बघू. पुढची आवृत्ती निघालेले सरकारी पुस्तक तिने आजवर पाहिले नव्हते, हे तिने त्याला अत्यंत सभ्य शब्दांत कळवले. प्रकरण पुन्हा लिहिले गेले. त्याखाली तिने सहीनिशी नमूद केले की आधीचा निष्कर्ष तिचा होता, चुकीचा होता, आणि चूक अज्ञानातून झालेली नव्हती. अधिकाऱ्याने शेवटचे वाक्य गाळायला सांगितले. तिने गाळले नाही. संध्याकाळपर्यंत पाटी मंजूर झाली.

शनिवारी सकाळी अकराला ती बेटावर उतरली. काकांनी बजावले की साडेबाराला निघायचे, ओहोटी थांबत नसते, आणि पुढची फेरी आता आठवड्याने. या वेळी त्यांनी दगडविटांचे काही विचारले नाही.

वरच्या खोलीत तो पुस्तके पेटीत भरत होता. तिला पाहून उठला, खुर्चीवरचे कपडे उचलले, बसा म्हणाला. ती उभीच राहिली. नव्या प्रकरणाचे कागद पेटीवर ठेवून तिने सगळे सांगितले: ग्रहणे, दुपारी बदलणारी तारीख, मदतनीस, पाटी. ऐकता ऐकता तो खाली बसला.

“म्हणजे होत्या त्या,” तो म्हणाला. “खरंच होत्या.”

“होत्या. चूक माझी.”

“चूक कुणाचीही होते.”

“ही चूक नव्हती. होडीचा प्रश्न मला पडायला हवा होता. मी तो पडू दिला नाही. मला त्या नको होत्या.”

“कोण?”

“तुमच्या बाई.”

त्याने मान वर केली. “त्यांना जाऊन शंभर वर्षं झाली.”

“माहीत आहे. तारखा मीच शोधल्यात.”

भुवईतली ती खूण जागची हलली नाही. मग तो म्हणाला, की सात वर्षे त्याने अर्ज केले आणि लोक हसले, त्याचे त्याला काही वाटले नाही. पण तिच्या प्रकरणाने तेच केले तेव्हा स्वतःच्या हातांनी उतरवलेली वही त्याने चुलीत घालायला काढली होती. घातली नाही, एवढेच. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागले.

“आज मला तुमच्याशी धड बोलता यायचं नाही,” तो म्हणाला. “राग आहे. आणि... दुसरंही काहीतरी आहे, ते रागात कालवायला नको. उद्या बोलू.”

उद्या होडी नव्हती. हे दोघांनाही माहीत होते. ती पायऱ्या उतरली आणि खाली खडकावर जाऊन बसली. साडेअकरा झाले होते. काका होडीत टोपी तोंडावर घेऊन पडले होते. पाणी हळूहळू खडक उघडे टाकत मागे सरत होते. तिने आयुष्यात अनेक लेखांना, साक्षीदारांना आणि स्वतःला वाट पाहायला लावले होते. एका माणसासाठी घड्याळाकडे बघत बसण्याची ही पहिलीच खेप. पावणेबारा. पाच कमी. बारा.

ती उठली आणि एकशे ऐंशी पायऱ्या पुन्हा चढली. दारात पोचली तेव्हा तिला दम लागला होता, आणि तो पेटीवर बसून तिचे कागद वाचत होता.

“झाला,” ती म्हणाली.

“काय झाला?”

“उद्या. बारा वाजून गेले.”

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. बारा वाजून चार मिनिटे. मग तिच्याकडे पाहिले – वाऱ्याने विस्कटलेले केस, मिठाने पांढरी झालेली चपलेची कड... त्याने कागद बाजूला ठेवले.

“बरं,” तो गंभीरपणे म्हणाला. “काल तुम्ही काय सांगत होता?”

“काल मी माफी मागत होते.”

“आणि आज?”

“आज...” तिने एक पाऊल आत टाकले. “आज मला तुम्ही हवे आहात, हे सांगायचंय. त्या बाईंसकट.”

“बाईंसकट?”

“त्यांना एक प्रकरण दिलंय, एक पाटी दिलीय. आता तेवढ्यात भागवायला सांगा त्यांना.”

तो हसला. या वेळी वही समोर नव्हती. त्याने हात पुढे केला. तिने तो धरला, आणि मग दोघांनाही पुढे काय करायचे ते सुचेना, म्हणून ती दोघे तशीच उभी राहिली, घाई नाही, उशीर नाही.

खालून काकांची हाक आली, की साडेबारा होत आले, निघायचे की नाही. त्याने तिचा हात न सोडता खिडकी उघडली आणि पुन्हा भरती येईपर्यंत थांबता येईल का, असे विचारले.

“भरती सहाला आहे,” काका खालून ओरडले.

“माहीत आहे,” वरून दोन आवाज आले.